इंग्रजीच्या खोलीतले कपाट : आमच्या शाळेच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
बडोदे.

विषय : माध्यमिक विभागातील इंग्रजीची खोली, तिच्यातील पुस्तके व साहित्य आणि वाचनाचा तास बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

सन्माननीय विश्वस्तहो,

आपल्या शाळेच्या माध्यमिक विभागात मी २७ वर्षे इंग्रजी शिकवले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही दर शनिवारी दोन तास मी नववी-दहावीच्या मुलांकडून वाचून घेण्यासाठी शाळेत येत असे. मुख्याध्यापकांची त्याला परवानगी होती आणि मानधनाची मी कधी अपेक्षा केली नाही. या एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू झाल्यावर पहिल्याच शनिवारी आले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीला कुलूप होते आणि दारावर मंडळाचे परिपत्रक चिकटवलेले होते. ही खोली यापुढे प्रवेश कार्यालयाला दिली जाईल, तिच्यातली जुनी पुस्तके निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून काढून टाकून, त्यांची विल्हेवाट लावली जाईल, नववी आणि दहावीचा आठवड्यातला वाचनाचा तास सराव चाचण्यांसाठी वापरला जाईल आणि इंग्रजीच्या सर्व शिक्षकांनी यापुढे केवळ बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतलेल्या, तयार स्लाइड आणि चित्रफितींच्या डिजिटल पॅकेजातूनच शिकवावे, असे त्यात लिहिले होते. शिक्षकांच्या झेरॉक्सवर मर्यादा घातल्याचेही शेवटच्या ओळीत होते.

त्यानंतर मी मंडळाला दोन पत्रे दिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिची नाचक्की व्हावी अशी माझी इच्छा नाही. माझी दोन्ही मुले याच शाळेत शिकली आणि नात आता सातवीत आहे. शिवाय मैत्रिणींकडून जे ऐकते त्यावरून असे निर्णय इतरही शाळांत होत आहेत, तेव्हा हे पत्र तिथल्या पालकांनीही वाचावे.

ज्या कपाटातल्या वस्तूंना परिपत्रकात ‘कालबाह्य साहित्य’ म्हटले आहे, त्यात काय आहे हे बहुधा आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही, म्हणून आधी ते सांगते. वरच्या दोन खणांत सोप्या इंग्रजीतली गोष्टींची पातळ पुस्तके आहेत, प्रत्येकाच्या चार-पाच प्रती, सर्वांना खाकी कागदाची कव्हरे आणि पाठीवर अवघडपणाप्रमाणे हिरवी, पिवळी किंवा लाल पट्टी. ती कव्हरे दर मे महिन्यात आम्ही शिक्षिकांनी आणि कधीकधी मुलांच्या आयांनी बसून घातली आहेत. तिसऱ्या खणात पाकिटे आहेत. एकेका पाकिटात एकेका कवितेच्या किंवा उताऱ्याच्या कापलेल्या ओळी आहेत, ज्या गटाने बसून जुळवायच्या आणि हीच ओळ आधी का, हे सांगायचे. त्याखाली चित्रे, नकाशे, जुन्या कॅलेंडरांची पाने, इंग्रजी वर्तमानपत्रांतली कात्रणे. सगळ्यात खाली एक काळा कोट, पांढऱ्या हातमोज्यांची जोडी आणि एक छोटा स्पीकर, जो मी स्वतःच्या पैशांनी आणला होता आणि जो गेल्या वर्षी बंद पडला.

कोट आणि हातमोजे पाहून कोणालाही ही गॅदरिंगची अडगळ वाटेल. ते चेकॉव्ह यांच्या ‘द प्रपोजल’ या एकांकिकेसाठी आहेत, जी दहावीच्या ‘फर्स्ट फ्लाइट’ या पाठ्यपुस्तकात आहे. लोमोव्ह हा तरुण जमीनदार नटूनथटून, पांढरे हातमोजे घालून शेजाऱ्याकडे मुलीला मागणी घालायला येतो आणि मागणी राहते बाजूला, त्या मुलीशी त्याचे कुरणाच्या एका तुकड्यावरून भांडण जुंपते. ते मिटते न मिटते तोच कोणाचा कुत्रा सरस यावरून दुसरे. बांधावरून होणारी भांडणे आपल्या मुलांनी गावी, आजोळी पाहिलेली असतात, त्यामुळे ती या एकांकिकेत क्षणात शिरतात, पण केव्हा? तर ती उभे राहून, पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचली तर. एका वर्षी वर्गात एक मुलगा होता, जो हजेरीला ‘येस मॅम’ एवढेच बोलत असे. त्याला मी मुलीच्या बापाचे, चुबुकोव्हचे काम दिले. पहिल्या दिवशी तो पुस्तकात तोंड खुपसून पुटपुटला. तिसऱ्या दिवशी भांडण रंगात आले, तेव्हा समोरच्या लोमोव्हवर तो इंग्रजीतून असा ओरडला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. त्या मुलाने त्या दिवसानंतर वर्गात प्रश्न विचारायला सुरुवात केली. हीच एकांकिका पॅकेजात सहा मिनिटांच्या चित्रफितीत आणि दहा तयार उत्तरांत संपते.

आता माझ्या तक्रारी सांगते. त्या साऱ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार पॅकेजाच्या सक्तीबद्दल आहे. स्मार्ट बोर्डाला माझा विरोध नाही. नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत मी तो रोज वापरला आणि त्याबद्दल मंडळाचे आभारही मानले आहेत. प्रश्न त्यावर काय दाखवायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा आहे. रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘डस्ट ऑफ स्नो’ ही आठ ओळींची कविता दहावीला आहे. हेमलॉकच्या झाडावरचा कावळा हालचाल करतो, खाली उभ्या असलेल्या कवीच्या अंगावर बर्फाचा भुगा पडतो आणि वाईट गेलेला दिवस थोडा सावरतो, एवढेच तिच्यात घडते. पॅकेजातल्या स्लाइडवर हेमलॉक म्हणून बारीक पांढऱ्या फुलांचे रोप दाखवले आहे आणि त्याखाली ‘विषारी झाड, म्हणून दुःखाचे प्रतीक’ असे उत्तर छापलेले आहे. बाजारातल्या गाइडांतही हाच अर्थ फिरत असतो. सॉक्रेटिसाला ज्याचे विष दिले गेले ते हेमलॉक म्हणजे गाजराच्या कुळातली एक वनस्पती. फ्रॉस्ट यांच्या न्यू इंग्लंडमधले हेमलॉक हा पाइनच्या कुळातला उंच सूचिपर्णी वृक्ष आहे आणि तो विषारी नसतो. काही वर्षांपूर्वी गाइडमधले असेच चित्र पाहून एका मुलीने मला विचारले होते, “मॅम, एवढ्याशा रोपावर कावळा बसला, तर बर्फ माणसाच्या अंगावर कसा पडेल?” तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या कॅलेंडरावरचे बर्फाने लदलेल्या सूचिपर्णी वृक्षांचे पान नेले, ते आजही त्या कपाटात आहे, आणि शाळेबाहेरच्या गोळेवाल्याकडून वाटीभर किसलेला बर्फ मागून आणला. बडोद्याच्या मुलांनी पडणारा बर्फ पाहिलेला नसतो. डोळे मिटायला सांगून प्रत्येकाच्या मनगटावर चिमूटभर बर्फ टाकला, तेव्हा सगळी दचकली आणि मग हसली. त्या हसण्यातच मी कविता वाचली, आणि तिचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

यासाठी लागलेले साहित्य म्हणजे एक कॅलेंडर आणि वाटीभर बर्फ. परिपत्रकाप्रमाणे उद्या माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेला हे करता येणार नाही, कारण तिला स्लाइडबाहेर जायचे नाही. आणि स्लाइडमधली चूक तिच्या लक्षात आली, तरी ती दुरुस्त करण्याची सोय त्यात नाही. या सक्तीने शिकवणाऱ्याची विचारशक्ती बांधली जाते. आपण नेमलेल्या, एम.ए., बी.एड. झालेल्या शिक्षिकांवर आपला एवढाही विश्वास नसावा, याचे मला फार दुःख होते.

शिवाय या पॅकेजासाठी पालकांकडून दरवर्षी वेगळी रक्कम घेतली जाणार आहे. आपली पाठ्यपुस्तके एनसीईआरटी ही केंद्रीय संस्था काढते आणि ती तिच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत मिळतात. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेले ‘दीक्षा’ हे व्यासपीठ मोफत आहे आणि पुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडवरून तिथले साहित्य उघडते. हे सर्व उत्तम आहे असा माझा दावा नाही. पण जे फुकट उपलब्ध आहे ते आधी वापरून पाहावे आणि मग विकतचे घ्यावे, हा विचार खरेदीपूर्वी झाला का आणि इंग्रजीच्या किती शिक्षकांना त्याबद्दल विचारले गेले, हे पालकांना कळायला हवे.

दुसरी तक्रार वाचनाच्या तासाची. निकाल उंचावण्यासाठी तो सराव चाचण्यांना दिला, असे आपले म्हणणे आहे, म्हणून गुणांच्याच भाषेत उत्तर देते. सीबीएसईच्या दहावीच्या या विषयाचे नावच ‘इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर’ असे आहे. ८० गुणांच्या लेखी परीक्षेत वाचनाला २०, लेखन आणि व्याकरणाला २० आणि साहित्याला ४० गुण असतात. वाचनाचे उतारे पुस्तकाबाहेरचे असतात, म्हणजे त्यांची उत्तरे कोणत्याही पॅकेजात सापडणार नाहीत. साहित्याच्या प्रश्नांतही आता पाठ केलेल्या उत्तराऐवजी समजून, पडताळून दिलेले उत्तर मागितले जाते. ज्या मुलाने वर्षभरात पाठ्यपुस्तकाखेरीज एकही इंग्रजी पुस्तक स्वतःहून संपवलेले नाही, त्याच्यासमोर चारशे शब्दांचा अनोळखी उतारा आला की तो अर्ध्यावर धीर सोडतो. हे मी उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे पाहिले आहे: पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे नीट आणि पुढे जागा कोरी. चाचण्या वाढवून हा धीर येत नाही. हिरव्या पट्टीची तीन पुस्तके संपवलेल्या मुलीने चौथे स्वतःहून पिवळ्या पट्टीचे उचलले, की तो येऊ लागतो.

आपल्या मुलांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या कंपनीला कळणार नाही, पण आपल्याला कळायला हवी. आमच्या दांडिया बाजारातले मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर आणि दुकानात गुजराती, दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकते आणि इंग्रजी त्याला भेटते ती फक्त शाळेत. एवढ्या भाषा सहज पेलणाऱ्या मुलाला चौथी जड जाण्याचे कारण नाही, मात्र ती पुरेशी कानावर आणि हाती पडली पाहिजे. ‘फर्स्ट फ्लाइट’मधला गोव्याच्या पाववाल्याचा पाठ शिकवताना ‘पाव’ हा आपला रोजचा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे सांगितले की मुले घरातून असे आणखी शब्द शोधून आणतात. एकदा एका मुलाच्या आजीने बटाटा, चावी आणि कोबी लिहून पाठवले होते. या चिठ्ठ्याही त्याच कपाटात आहेत.

तिसरी तक्रार ऐकण्या-बोलण्याची. अंतर्गत २० गुणांत या कौशल्यांचाही वाटा असतो आणि शाळा ते गुण दरवर्षी बोर्डाला पाठवते. ते कशाच्या आधारावर? दहावीच्या तीन तुकड्यांत मिळून एकही चालू स्पीकर नाही. स्मार्ट बोर्डाच्या आवाजाची जोडणी दोन वर्गांत बंद आहे. पूर्वी मी बडोदे स्टेशनवर जाऊन फोनवर घोषणा ध्वनिमुद्रित करून आणत असे. तिथे तीच घोषणा गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होते. मी फक्त इंग्रजी भाग ऐकवायचे आणि मुलांनी गाडीचा क्रमांक, फलाट आणि किती उशीर, हे लिहायचे. मागच्या बाकांवरची मुले यात नेहमी पुढे असत, कारण त्यांच्यातली बरीच जण रोज रेल्वेने अपडाउन करणाऱ्यांच्या घरची. स्पीकर बंद पडल्यावर हा सराव बंद पडला आणि दुरुस्तीचा माझा अर्ज कार्यालयात तसाच आहे. ज्या संस्थेला पॅकेजाचे वार्षिक शुल्क परवडते, तिला चार स्पीकर परवडत नाहीत, हे मी मान्य करू शकत नाही.

झेरॉक्सबद्दल थोडक्यात लिहिते. मर्यादेचे एक कारण प्रताधिकाराचे, म्हणजे कॉपीराइटचे, दिले आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केली आहे. याचा अर्थ अख्खी पुस्तके छापावीत असा नाही आणि तसे कोणी करतही नव्हते. एका वर्गासाठी एका उताऱ्याच्या प्रती, एवढाच हा प्रश्न आहे. खर्चाचे कारण असेल, तर तसे सरळ सांगावे; दोन मुलांत एक प्रत वापरण्याची आमची तयारी पूर्वीही होती.

आणि पुस्तकांबद्दल. ती रद्दीत जाणार असल्याचे शिपायाकडून कळले, तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. विश्वस्तहो, हे बडोदे आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेल्यांच्या हाती पुस्तक पडावे म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभे केले. ज्या गावात ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठवल्या जात. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही उभी आहे. आपल्या प्रत्येक वार्षिकोत्सवात महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो. त्याच शाळेत मुलांनी हाताळून मऊ झालेली पुस्तके वजनावर विकली जावीत, हे मला सहन होत नाही. पुस्तक जुने झाले की शिवून घेता येते. आपल्या मागच्या जिन्यापाशी जो बाइंडर बसत असे त्याने आमची कितीतरी पुस्तके शिवून दिली आहेत.

आता मागण्या. खोली खरोखरच हवी असेल, तर मी खोलीसाठी अडून बसणार नाही, पण ते कपाट शाळेच्या ग्रंथालयात किंवा नववी-दहावीच्या मजल्यावर, मुलांच्या हाताला येईल असे ठेवावे आणि त्याची किल्ली इंग्रजीच्या शिक्षकांकडे असावी. इंग्रजीच्या शिक्षकांनी लेखी सांगितल्याशिवाय एकही पुस्तक निर्लेखित करू नये. नववी आणि दहावीचा आठवड्यातला वाचनाचा एक तास परत द्यावा आणि त्या तासाला चाचणी घेऊ नये. डिजिटल पॅकेज ऐच्छिक करावे: ज्या शिक्षिकेला उपयोगी वाटेल तिने वापरावे, चुका आढळतील त्या कळवण्याची व्यवस्था करावी, आणि तोपर्यंत पालकांकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. प्रत्येक तुकडीत चालणारा स्पीकर असावा. इंग्रजी विभागाला वर्षाला थोडी का होईना, पण ठरलेली रक्कम द्यावी, जिचा खर्च शिक्षक ठरवतील आणि हिशेब कार्यालयाला देतील. यांतली एकही मागणी आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

मुलांच्या कवितेसाठी बर्फ आणणाऱ्या, स्टेशनवर जाऊन घोषणा ध्वनिमुद्रित करणाऱ्या शिक्षिका आजही आपल्याकडे आहेत. त्या नोकरीत असल्यामुळे बोलत नाहीत, त्यांनी मला हे पत्र लिहायला सांगितलेलेही नाही, आणि या पत्राचा त्रास त्यांच्यापैकी कोणालाही होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जे लिहिले आहे त्याची जबाबदारी माझी एकटीची आहे.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडण्यापूर्वी मंडळाने इंग्रजीच्या शिक्षकांसह एक बैठक घ्यावी. मला बोलावले तर मी येईन. कपाटाची दुसरी किल्ली आणि पुस्तकांची नोंदवही माझ्याकडे आहे. आपण सांगाल त्यांच्या हाती मी ती मोजून देईन. नोंदवहीप्रमाणे १९ पुस्तके अजून मुलांच्या घरी आहेत, आणि ती कुठे आणून द्यायची, असे मुले मला विचारत आहेत.

आपली नम्र,
माध्यमिक विभागातील एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे